तोंडात पोरं, पाठीवर अंडी

वसईच्या मासळी बाजारात शिंगाळ्याला मान नाही. पापलेट, सुरमई पाटीत वर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतील अशी मांडलेली. शिंगाळा खाली, बर्फाच्या पाण्यात, मिशा लोंबकळत पडलेला. काटा लागला तर दोन दिवस हात ठणकतो. पण चिंच-मिरची सढळ पडली तर त्याच्या कालवणासारखं कालवण नाही, म्हणून मी तो घेतो. एकदा पावसाळा तोंडावर आलेला असताना माझ्या नेहमीच्या मावशींनी शिंगाळा साफ करायला घेतला, जबडा फाकवला आणि आतून पिवळट, ओल्या गोट्या पाटावर घरंगळल्या. बोराएवढ्या. दोन-चार गोट्यांना शेपटी फुटलेली.

मी म्हटलं, "गाबोळी तोंडात कशी आली?"

मावशींचा हात थांबला. "गाबोळी पोटात असते, सर. ही पोरं हायत. बापूस हाय यो."

मी तेव्हा वीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होतो. नराच्या संगोपनाचा विषय आला की फळ्यावर समुद्रघोडा काढायचो, त्याच्या पोटाची पिशवी रंगीत खडूने भरायचो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. समुद्रघोडा वर्गातल्या कुणी जिवंत पाहिलेला नसायचा, मीही नाही. शिंगाळा मात्र त्यातल्या निम्म्या मुलांनी आदल्या रविवारी खाल्लेला असायचा. मादी काही डझन मोठी अंडी घालते, नर ती तोंडात उचलून घेतो आणि पिल्लं स्वतंत्र पोहू लागेपर्यंत महिना-दोन महिने बाळगतो. तेवढे दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकातला मासा आणि पाटीतला मासा एकच आहे, हे मला मावशींनी दाखवलं.

पुढची पानं त्या दिवसाच्या शरमेतून निघाली आहेत.

विषय सांगायला सोपा आहे. प्राणी जोडीदार कसा मिळवतात, किती मिळवतात, मिळाल्यावर त्याला राखतात की सोडतात. आणि पिल्लं झाल्यावर त्यांच्यापाशी कोण थांबतं, आई, बाप, दोघं की कुणीच नाही. हे दोन प्रश्न निरनिराळे वाटतात. शास्त्रज्ञांनीही बराच काळ ते वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले होते. खरं तर ते एकाच दोरीची दोन टोकं आहेत. एक ओढलं की दुसरं हलतं. मी त्यात बापाकडे जास्त वेळ पाहत बसलो आहे, कारण आईबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं आपण समजतो आणि बापाबद्दल काही माहीत करून घ्यायचं असतं हेच सुचत नाही.

उदाहरणं शक्यतो वसई-विरारच्या चौकटीतली घेतली आहेत. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचं रान. मधे मिठागरं, भातखाचरं, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, आणि वाड्यांना पाणी पुरवण्यासाठी पूर्वजांनी खणलेली बावखलं. एवढ्या जागेत पितृत्वाचे जवळपास सगळे नमुने सापडतात. नाइलाज झाला तिथे मात्र कोयना, धारवाड, जपान, नामिबिया इथवर जाऊन आलो आहे.

आधी भाषेचा एक घोळ निस्तरायला हवा. मराठीत सुगरण स्त्रीलिंगी आहे. स्वयंपाक उत्तम करणारी ती सुगरण आणि खोपा विणणारी तीही सुगरण. बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरणसुद्धा आईच आहे, पिलांसाठी झाडाला झोका टांगणारी. त्या कवितेवर वाढलेल्या माणसाला भाताच्या बांधावरच्या शिंदीखाली उभं करून सांगावं लागतं की बाबा रे, वर जो पिवळ्या टोपीचा पक्षी पात्याची चिरफाड करून आणतो आहे तो नर आहे. खोपा तोच विणतो. गवताच्या, भाताच्या पात्याला कडेला एक खाच पाडायची, टोक चोचीत धरून उडायचं की लांब पट्टी फाटून हातात येते; मग गाठ, मग फास, मग कडं. त्या कड्यात उभं राहून पुढे घुमट विणायचा. घुमट अर्धा झाला, म्हणजे उलट्या टांगलेल्या हेल्मेटसारखा दिसू लागला, की नर थांबतो, खाली लटकतो, पंख फडफडवतो आणि ओरडतो. मग माद्या येतात. आत शिरतात, पाय रोवतात, चोचीने विणीला हिसके देतात. पसंत पडलं तर बैठक ठरली. नाही पडलं तर तो खोपा तसाच लोंबत राहतो. आपण बांधावर पडलेले अर्धवट खोपे उचलून घरात शोभेला टांगतो ते बहुतेक नापास झालेले.

हे सगळं सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बसून पाहिलं आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. त्यातला खरा धक्का विणकामाचा नव्हता, पुढचा होता. मादीने घर स्वीकारलं, नराने खोप्याच्या तोंडाची नळी पुरी केली, आत अंडी पडली की हे महाशय शेजारच्या फांदीवर दुसरं कडं बांधायला घेतात. दुसरी मादी, जमलं तर तिसरी. अंडी उबवणं आईकडे, पिल्लांना भरवणंही मुख्यतः आईकडे. म्हणजे बहिणाबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. घर त्याने बांधलं खरं, पण संसार तिनेच केला.

भाषेचा असाच घोळ कोकिळेच्या बाबतीतही. गानकोकिळा म्हणून आपण ज्या पक्ष्याचा गौरव करतो तो काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर कोकीळ असतो. ठिपक्यांची मादी नुसतीच किक्-किक् करत पळते. आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घातली की दोघंही मोकळे. संस्कृतने त्याला परभृत म्हटलं, तिथे मात्र निरीक्षण पक्कं होतं.

नराचं काम मादीच्या नावावर मांडण्याची ही चूक मराठी माणसाचीच आहे असं कुणी समजू नये. गोड्या पाण्यात एक चपटा, तपकिरी, ढेकणासारखा किडा असतो. आपल्या बावखलांत, भातखाचरांत तो हमखास मिळतो. त्याच्या पाठीवर कधी कधी अंड्यांची फरसबंदी केलेली दिसते, एकाला एक चिकटून उभी. एकोणिसाव्या शतकातल्या कीटकशास्त्रज्ञांनी हे पाहिलं आणि मादी स्वतःच्या पाठीवर अंडी घालते असं लिहून ठेवलं. आपल्याच पाठीवर अंडी कशी घालणार, हा साधा प्रश्न बराच काळ कुणाला पडला नाही. १८९९ साली फ्लॉरेन्स स्लेटर या अमेरिकन बाईंनी ते किडे चिरून पाहिले. अंडी वाहणारे सगळे नर निघाले. तरीही बाईंना हे पटेना की नर राजीखुशीने असं करेल. मादी त्याला पकडून जबरदस्तीने अंडी चिकटवते आणि तो बिचारा सहन करतो, असा त्यांनी अर्थ लावला.

१९७९ साली रॉबर्ट स्मिथ यांनी अमेरिकेतल्या त्याच्या एका भाऊबंदावर प्रयोग केले तेव्हा वेगळंच दिसलं. नर आधी समागम करतो, मग मादीला एक-दोन अंडी घालू देतो, मग तिला थांबवून पुन्हा समागम, मग पुन्हा एक-दोन अंडी. पाठ भरेपर्यंत हेच. आपल्या पाठीवर दुसऱ्याचं पोर चढू नये याची ही खबरदारी. एकदा खात्री झाली की मग तो ती अंडी पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून वारा देतो, पाय हलवून त्यांच्यावर पाणी खेळवतो. ओझ्यामुळे त्याला धड शिकार करता येत नाही, शत्रूपासून पळता येत नाही. बळजबरी कसली, हा तर चोख हिशेब होता.

हिशेबाचं बोलायचं तर डार्विनपासून सुरुवात करणं भाग आहे. १८७१च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्याने मोराच्या पिसाऱ्याचा पेच सोडवला. जगण्यासाठी अडचणीच्या गोष्टीसुद्धा टिकतात, कारण त्या जोडीदार मिळवून देतात. १९४८ साली अँगस बेटमन याने फळमाश्यांवर प्रयोग करून सांगितलं की नराला जितक्या माद्या जास्त तितकी संतती जास्त, मादीचं तसं नाही. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्सने त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं. पिल्लावर जो जास्त खर्च करतो तो चोखंदळ होतो. जो कमी खर्च करतो तो त्या चोखंदळासाठी भांडतो. अंडं मोठं, शुक्राणू इवलासा. म्हणून आई थांबते, बाप भटकतो. मी वर्षानुवर्षं हे असंच शिकवलं, आणि मुलांनी परीक्षेत ते असंच लिहून गुण मिळवले.

यात दोन भोकं आहेत. पहिलं, बेटमनचा प्रयोग. पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ साली पुन्हा करून पाहिला. बाप ओळखण्यासाठी ज्या खुणांच्या माश्या वापरल्या होत्या त्यांतली काही पिल्लं त्या खुणांमुळेच मरत होती, म्हणजे मोजणीच तिरकी झाली होती. दुसरं भोक त्याहून मोठं आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते. समजा एका बावखलावर दहा नर आणि दहा माद्या आहेत आणि हंगामात चाळीस पिल्लं झाली. प्रत्येक पिल्लाला आई एक, बाप एक. म्हणजे माद्यांच्या वाट्याला सरासरी चार आली तर नरांच्या वाट्यालाही सरासरी चारच येणार. एका नराने वीस पटकावली तर उरलेल्या नऊ जणांत वीसच उरतात. तेव्हा ‘पिल्लं सोडून गेलं की नराचा फायदा’ हे सगळ्या नरांबद्दल खरं असूच शकत नाही. बाहेर जिंकण्याची ज्याला आशा आहे त्याच्यापुरतं ते खरं. बाकीच्यांनी बाहेर पडून उन्हात वणवण करण्यापेक्षा घरी थांबलेलं बरं.

मग थांबायचं कुणी? १९७७ साली जॉन मेनार्ड स्मिथ यांनी हा प्रश्न पत्त्यांच्या डावासारखा मांडला. माझी चाल तुझ्या चालीवर अवलंबून. मी गेलो तर तुला एकटीला पिल्लं निभावतील का? निभावणार असतील तर मी जाईन. नसतील तर माझं जाणं म्हणजे माझीच पिल्लं मारणं. माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. माया कुणाला जास्त, हे विचारून काही हाती लागत नाही. एकट्याने भागतं का, हे विचारावं. आणि भागत असेल तर निघून जायची संधी आधी कुणाला मिळते, हे विचारावं.

सुगरणीकडेच पाहा. पावसाळ्यात भाताच्या शेतात किडे आणि कोवळे दाणे एवढे की आई एकटीने पिल्लं पोसू शकते. शिवाय सगळे खोपे एकाच झाडावर, त्यामुळे नराला दुसरी मादी शोधायला लांब जावं लागत नाही. जॉन क्रुक यांनी १९६४ साली आफ्रिका-आशियातल्या विणकर पक्ष्यांच्या अनेक जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. रानात विखुरलेले किडे खाणारे विणकर जोडीने, एकएकटे राहतात आणि बाप घास आणतो. उघड्या माळावर दाणे खाणारे वसाहत करून राहतात आणि त्यांच्यात नराला अनेक माद्या असतात. गोत्र तेच, स्वभाव बदलला तो ताटातल्या अन्नामुळे.

जाण्याची संधी आधी कुणाला, याचं उत्तर पाण्यात सापडतं. सस्तन प्राण्यांत गर्भ आईच्या पोटात राहतो. बाप तेव्हाच चालता होऊ शकतो, आई नाही. त्यातून दूधही तिच्याकडेच. सस्तन प्राण्यांच्या दहा टक्क्यांहून कमी जातींत बाप पिल्लांसाठी काही करतो. पक्ष्यांत अंडं बाहेर आलं की दोघंही सारखेच मोकळे, आणि दहातल्या नऊ जातींत दोघंही राबतात. बहुतेक माशांत तर फलन बाहेरच, पाण्यात. अंडी नराच्या हद्दीत, नराच्या डोळ्यांसमोर, बहुधा त्यानेच साफ केलेल्या जागेत पडतात. म्हणून जे मासे पिल्लांची काळजी घेतात त्यांच्यात एकटा बाप घेतो असे सर्वांत जास्त. शिंगाळा हा अपवाद नाही. माशांच्या जगात तोच रिवाज आहे.

आपल्या खाडीतली निवटी घ्या. नायगावच्या बाजूला ओहोटीला चिखलात उड्या मारताना ती सगळ्यांनी पाहिलेली असते, आगरी-कोळी घरांत तिचं कालवणही प्रसिद्ध आहे. बिळात हात घालून ती पकडणाऱ्यांना बिळाचा आकार बोटांनी माहीत असतो, पण आतली व्यवस्था बोटांना कळत नाही. जपानमध्ये अत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवटीच्या एका चुलत जातीच्या बिळात बारीक कॅमेरे सोडले. २००७ साली त्यांनी काय पाहिलं ते छापलं. बीळ खाली जाऊन पुन्हा वर वळतं, त्या वळणाच्या टोकाला एक घुमटी, घुमटीच्या छताला अंडी. चिखलाच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून नर ओहोटीला वर येतो, तोंडात हवा भरतो, खाली जाऊन घुमटीत सोडतो, पुन्हा वर. दिवसेंदिवस. आणि अंडी पिकली की एका रात्री भरती चढत असताना तोच नर ती हवा घोटाघोटाने बाहेर काढून टाकतो. पाणी घुमटीत शिरतं, अंडी बुडतात आणि बुडताच फुटतात. इतके दिवस ज्या पाण्यापासून अंडी राखली तेच पाणी त्याने स्वतः आत घेतलं. आपल्याच खाडीतली निवटी नेमकं असंच करते का, हे कुणीतरी नायगावला बसून पाहायला हवं. चिखलाची लाज नसलेला एखादा विद्यार्थी हे वाचेल या आशेवर मी आहे.

शिंगाळ्याला मात्र पोरं तोंडात बाळगण्याच्या स्वभावाची किंमत मोजावी लागली. १९८०च्या सुमारास कर्नाटकच्या किनाऱ्यावर तोंडात अंडी-पिल्लं धरलेल्या नरांचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यांत सापडले. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच धोक्याचा इशारा दिला होता. बांगडा लाखांनी अंडी सोडतो. त्यातली बरीच गेली तरी पुढच्या वर्षी बांगडा दिसतो. शिंगाळ्याची अंडी मोजकी, आणि एक बाप जाळ्यात गेला की घरदार संपलं. कमी पोरं आणि जास्त माया हा डाव रानात वाघ-बिबट्यांना चालतो, जाळ्यापुढे चालत नाही. समुद्रघोडा निदान २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. शिंगाळ्यासाठी कोण कायदा करणार? तो पाटीत खालच्या बाजूला असतो.

चिंबोरीबद्दल दोनच ओळी. कात टाकताना मादी मऊ पडते आणि तेव्हाच समागम होऊ शकतो. म्हणून नर आधीच काही दिवस तिला पायांखाली धरून हिंडतो आणि नंतरही तिचं कवच कडक होईतो राखतो. बायको सांभाळतो म्हणून कौतुक करण्याचं कारण नाही, तो दुसऱ्या नराला आडवा होत असतो. पण मऊ चिंबोरीला त्यामुळे संरक्षण मिळतं हेही खरंच. हेतू आणि परिणाम यांची अशी गल्लत या विषयात पावलोपावली होते.

धनेशाबद्दल मात्र मला आखडतं घेता येत नाही. आपल्या जुन्या वाड्यांत आंब्याच्या, उंबराच्या ढोलीत राखी धनेशाची मादी उन्हाळ्यात स्वतःला कोंडून घेते. आपल्याच विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपते, बोटभर फट ठेवते आणि आत पिसंही झाडते, म्हणजे आता उडायचीही सोय नाही. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून भरवतो. गळ्यात उंबर, पिंपळाची फळं भरून आणायची, ढोलीला लटकायचं आणि एकेक फळ घशातून वर काढून आत द्यायचं. तो मेला तर आतल्यांचे हाल. जगातल्या सर्वांत कष्टाळू बापांत त्याची गणना करायला हरकत नाही. पण त्याचं एवढं राबणं परवडतं कशावर? मादी कोंडलेली असल्याने तिच्याकडे दुसरा नर फिरकू शकत नाही. नामिबियातल्या धनेशाच्या एका जातीची जनुकीय तपासणी झाली, निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. घरट्यातलं एकही पिल्लू परक्याचं निघालं नाही. इतर पक्ष्यांच्या बाबतीत ही तपासणी १९८५ नंतर, डीएनएच्या ठशांचं तंत्र आल्यावर सुरू झाली आणि जन्मभराची जोडी म्हणून नावाजलेल्या कित्येक जातींच्या घरट्यांत शेजाऱ्याची पिल्लं निघाली होती.

वर्गात मी यावर एक विनोद करायचो. पहाटेची विरार लोकल पकडून जाणारा, रात्री दहाला डबा रिकामा करून परतणारा, पोरांना फक्त झोपलेलीच पाहणारा आपल्याकडचा बाप म्हणजे राखी धनेश. मुलं हसायची. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, माझी आई पण त्याच लोकलने जाते. लेडीज डब्यातून." तो विनोद मी पुन्हा केला नाही.

माणसाबद्दल म्हणूनच इथे फार बोललो नाही. एवढं सांगतो की मोठ्या वानरांमध्ये बापाने पोर कडेवर घेण्याची रीत जवळपास माणसातच आहे, आणि तिच्या खुणा शरीरात सापडतात. फिलिपिन्समधल्या सेबू इथे काही वर्षं तरुणांची तपासणी केली, तेव्हा बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरलेलं दिसलं, पोराला जास्त वेळ देणाऱ्यांत आणखी खाली. हे २०११ सालचं संशोधन. यावरून कुणी सासरच्या भांडणात दाखले काढू नयेत.

काळी बाजूही टाळलेली नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारु सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या रानात वानरांचे कळप पाहत होते. बाहेरून आलेल्या नराने कळप बळकावला आणि अंगावरची पिल्लं चावून मारली. पुष्कळांना ती विकृती वाटली, गर्दीचा परिणाम वाटला. सारा हर्डी यांनी माउंट अबूला वर्षानुवर्षं बसून १९७७च्या पुस्तकात वेगळं मांडलं. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, आणि नव्या नराला कळपावर सत्ता थोडेच दिवस मिळणार असते. त्याहून महत्त्वाचं त्यांनी मादीबद्दल सांगितलं. ती एकाहून अधिक नरांशी समागम करते, गाभण असतानाही करते, म्हणजे हे पोर आपलं नाहीच असं कुणाही नराला खात्रीने वाटू नये. पाण्यातला किडा पितृत्वाची खात्री करून घेत होता. इथे आई मुद्दाम ती खात्री पुसून टाकते, आणि पोर वाचवते.

सह्याद्रीतल्या रातबेडकांसाठी एक पावसाळी सहल पदरमोड करून केली, तिचं वर्णन थोडं लांबलं आहे. हुमायून अब्दुलाली यांचं नाव मिळालेला रातबेडूक कोयनेजवळच्या हुंबरळीच्या ओढ्यांत रात्र रात्र पाहिला गेला आणि २०१६ साली कळलं की नर मादीला मिठीच मारत नाही. तिच्या पाठीवर नुसता ओणवा होतो, हात पानावर टेकतो, रेत तिच्या पाठीवर सोडून निघून जातो. नंतर ती अंडी घालते आणि पाठीवरून ओघळून ते अंड्यांवर येतं. मादीही साद घालते, जे बेडकांत क्वचित आढळतं. त्याचाच एक कर्नाटकी भाऊ, २०१४ साली नाव मिळालेला, मागे राहून अंड्यांना हाताने चिखल लिंपतो. त्याचं नावच कुंभार, कन्नडमध्ये.

लिहिताना काही शब्द मी कटाक्षाने गाळले आहेत. जनानखाना, व्यभिचार, घटस्फोट, पतिव्रता. प्राण्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांत त्यांची रेलचेल असते आणि भाषांतरातून ते आपल्याकडे आले. ते वापरले की वाचकाला सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पाहणं बंद होतं. त्याचप्रमाणे ‘आदर्श पिता’ हाही शब्द गाळला. जून महिन्यात फोनवर समुद्रघोड्याचे फोटो फिरतात, खाली बापाला वंदन. तोंडात अंडी जपणाऱ्या काही माशांचे नर, घोळका फारच लहान निघाला किंवा दुसरी मादी हाताशी आली तर, सगळी अंडी गिळून मोकळे होतात. वंदन कुणाला करायचं ते ठरवून करावं.

मदत अनेकांनी केली. मासळी बाजारातल्या मावशी, मिठागरावरचे दोन कामगार, आणि आपल्या बावखलाभोवती मला पावसाळाभर बसू देणारं एक सामवेदी कुटुंब. यांना नावं छापून नको आहेत. बावखलं आता थोडी उरली. बुजवलेल्यांवर इमारती आहेत. हे एक उरलं ते घरातल्या आजींनी भराव घालू दिला नाही म्हणून.

त्या बावखलावर काशाच्या रंगाच्या पंखांचे कमळपक्षी होते. मादी नराहून मोठी, तीन नरांच्या हद्दी तिच्या एकटीच्या ताब्यात. एकेकाला चार-चार अंडी देऊन ती पुढच्याकडे जायची आणि दुसरी मादी दिसली की अंगावर धावून जायची. नर उबवणीला बसलेले, म्हणून मोकळा नर दुर्मिळ, म्हणून भांडण माद्यांत. पाटी-पेन्सिलीचा हिशेब डोळ्यांसमोर चालू होता. तरंगतं घरटं म्हणजे ओल्या काड्यांचा एक पसारा, एवढासा वारा आला की अंडी पाण्याला टेकतील असा. श्रावणात एका सकाळी घार वरून गेली आणि कमळाच्या पानांवर चाललेला नर एकदम पंख पोटाशी आवळून उभा राहिला. पिल्लं दिसेनात. आजी माझ्या शेजारी सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, डोळे बारीक केले आणि मोजायला लागल्या. पंखांखालून लांब बोटांचे पाय लोंबत होते, दोन इकडे, चार तिकडे, आणि त्याचे स्वतःचे दोन.

"आठ," आजी म्हणाल्या. "एक पोर कमी हाय." आणि आम्ही दोघं पानांत चौथं शोधू लागलो.